काळ्या पाण्यावर गेलेली काशीबाई

आमच्या लहानपणी घरातील वडीलधाऱ्या बायका मुलांनी फारच ऊतमात केला म्हणजे ‘काळ्या पाण्यावर धाडीन’ अशी धमकी देत असत. हे काळे पाणी कोठे असते हे त्यांपैकी एकीसही ठाऊक नव्हते. समुद्रापासून इतक्या दूर, वऱ्हाडच्या काळ्या मातीत, ज्ञानगंगेच्या काठी जन्म काढलेल्या त्या बायका! त्यांच्या मनात काळे पाणी म्हणजे गावाबाहेरच्या पडक्या विहिरीसारखे काहीतरी असावे. मीही नांदुऱ्याचाच, शिक्षकी पेशात केस पिकविले, तथापि काळ्या पाण्यावर बायकाही जात होत्या, त्यांना हुलिया आणि नंबर असत, आणि त्यांपैकी काहींच्या आयुष्याचा माग कागदांतून काढता येतो, हा विचार माझ्या मनास फार उशिरा शिवला. तो शिवण्यास कारण झाली आमच्या गावातील एक शाळकरी मुलगी.

झाले असे की, येथील विद्यार्थ्यांपुढे मी ताराबाई शिंदे यांच्याविषयी बोलत होतो. आमच्या बुलढाणा जिल्ह्यास या बाईंचा अभिमान असावयास हवा. तो असावा तितका नाही, हा भाग निराळा. भाषण संपल्यावर ती मुलगी उठून म्हणाली, “गुरुजी, ज्या बाईमुळे ताराबाईंनी पुस्तक लिहिले, तिचे पुढे काय झाले?” श्रोतेहो, पुस्तकाविषयी मी तासभर बोललो होतो. ज्या बाईमुळे ते लिहिले गेले तिच्याविषयी माझे एकच वाक्य झाले होते, आणि त्या वाक्यात तिला शिक्षा सांगून मी मोकळा झालो होतो. त्या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो तेव्हा मी एकीच्या मागे निघालो आणि दुसरीच्या दाराशी जाऊन पोहोचलो. आजचे भाषण त्या वाटेचे आहे.

प्रथम सुरतेची गोष्ट सांगतो. १८८१ साली तेथे विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेवर आपल्या अनौरस अर्भकाचा जीव घेतल्याचा आरोप शाबीत होऊन तिला फाशीची शिक्षा झाली. सुरत तेव्हा मुंबई इलाख्यात होती. खालच्या कोर्टाने दिलेली फाशी मुंबईच्या हायकोर्टाने कायम केल्यावाचून अंमलात येत नसे; त्यामुळे प्रकरण वर गेले, फाशीच्या जागी जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा आली, आणि पुढे ती आणखी कमी होऊन पाच वर्षांवर उतरली. फाशी, जन्मठेप, पाच वर्षे! एकाच स्त्रीची एकच कृती, आणि तिचे मोल थोड्याच काळात दोनदा बदलले. यावरून सरकारच्या मनातही या गुन्ह्याविषयी काही निश्चित नव्हते असे मला वाटते.

वर्तमानपत्रांच्या मनात मात्र सारे निश्चित होते. पुण्याच्या ‘पुणे वैभव’ या जुन्या वळणाच्या पत्राने या खटल्याचे निमित्त करून समस्त स्त्रीजातीच्या नीतीवर कोरडे ओढले. हा मजकूर बुलढाण्यास एका घरात वाचला गेला. ते घर बापूजी हरि शिंदे यांचे. बापूजी सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते आणि सत्यशोधक समाजाच्या आरंभीच्या मंडळींपैकी होते. मुलींची शाळा नसलेल्या त्या मुलखात त्यांनी आपल्या एकुलत्या एक मुलीस घरीच मराठी, संस्कृत व इंग्रजी शिकविले. मुंबईहून नागपुरास जाणारा लोहमार्ग १८६७ पर्यंत पुरा झाला होता, आणि तो आमच्या मलकापूर-नांदुऱ्यावरूनच जातो. पुण्या-मुंबईचे छापील शब्द घाटाखालच्या या वाटेने येऊन वर घाटावर बुलढाण्यास चढावेत, यात नवल नाही.

१८८२ साली पुण्याच्या श्रीशिवाजी छापखान्यात ‘स्त्रीपुरुष तुलना’ छापून निघाले. पाने सुमारे पन्नास, प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. त्याच्या लांबलचक नावातच स्त्रिया व पुरुष यांत साहसी कोण हे दाखविण्याची प्रतिज्ञा आहे. येथे ‘साहसी’ याचा अर्थ आजच्यासारखा धाडसी असा नव्हे. अविचारी, दुष्कृत्यास न कचरणारा, असा तो जुना अर्थ आहे, आणि धर्मशास्त्रात ‘साहस’ हे गुन्ह्याच्या एका वर्गाचे नावच आहे. म्हणजे ताराबाईंनी हा प्रश्न जणू कोर्टाच्या भाषेत विचारला. आपण मराठ्याच्या घरात कोंडून ठेवलेली एक बाई आहोत, हे त्या आरंभीच सांगतात आणि मग पुरुषांची अशी झडती घेतात की, वाचताना माझ्यासारख्या पुरुषास खाली पाहावे लागते.

आता विजयालक्ष्मीचा माग येथे एका अर्थी संपतो. पाच वर्षांच्या कैदेवर तिची कहाणी उतरली. परंतु त्या मुलीच्या प्रश्नातील खरा भाग उरलाच होता. जिची शिक्षा उतरली नाही, जिला खरोखरीच जन्मठेप झाली, अशी कोणी आपल्या भाषेतील बाई होती की नाही? ताराबाईंचे पाठीराखे म्हणजे जोतीराव फुले. १८८५ साली ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात त्यांनी ताराबाईंची बाजू घेतली हे पुष्कळांस ठाऊक असेल. त्यांच्याच कागदांत मला ती सापडली.

१८८४ साली बेहरामजी मलबारी यांनी बालविवाह आणि लादलेले वैधव्य या दोन विषयांवर टिपणे काढून ठिकठिकाणच्या लोकांची मते मागविली. फुल्यांनी आपले मत ४ डिसेंबर १८८४ या तारखेने इंग्रजीत लिहून पाठविले. इतरांनी शास्त्रार्थ लिहिले असतील. फुल्यांनी आपल्या परिचयातील एका बाईची हकीकत लिहिली. त्यांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे हे इनाम कमिशनकडे कामास होते. त्यांच्या घरी काशीबाई नावाची एक ब्राह्मण विधवा स्वयंपाकास होती. तरुण, चांगल्या कुळातील, वागणुकीने नेक. शेजारी एक शास्त्रीबुवा राहत. त्यांनी तिला नादी लावण्याचा यत्न चालविला; ती बरेच दिवस बधली नाही, शेवटी बधली, आणि तिला दिवस गेले. मग त्याच शास्त्रीबुवांच्या सांगण्यावरून गर्भ पाडण्यासाठी तिने नाना विषारी औषधे घेतली. एकही लागू पडले नाही. नऊ महिने भरले, मुलगा झाला. बेअब्रूच्या भयाने तिने त्याचा जीव घेतला आणि प्रेत धन्याच्या घरामागील विहिरीत टाकले. दोन दिवसांनी पोलिसांनी संशयावरून तिला धरले. पुण्याच्या सेशन कोर्टात खटला चालला, आणि तिला जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. हे सारे १८६३ च्या सुमारास घडले.

श्रोतेहो, ही हकीकत मी प्रथम वाचली तेव्हा मन एका जागी अडखळले, आणि ते अजून तेथेच आहे. तिच्यात धन्याचे नाव आहे, त्याचा हुद्दा आहे. बाईचे नाव आहे. शास्त्रीबुवांचे नाव नाही. फुल्यांसारखा निर्भीड मनुष्य, पण त्यांनीही त्यांस केवळ शास्त्रीबुवा म्हटले. वीस वर्षांनंतरच्या लेखात, कोर्टाने ज्यावर दोष ठेवला नाही त्याचे नाव घालणे त्यांनी टाळले असेल. त्यात त्यांचा काही दोष नाही. परंतु एवढे खरे की, कागद ज्यास शिक्षा होते त्याचेच नाव जपून ठेवतो.

अशा खटल्याचे कागद कसे तयार होत हे थोडे सांगितले पाहिजे, कारण त्यावाचून माग काढणे म्हणजे काय हे ध्यानात यावयाचे नाही. त्या काळच्या मुंबई इलाख्यातील कोर्टाचे कागद चाळले म्हणजे स्त्रीच्या नावापुढे ‘कोम’ हा शब्द दिसतो. पुरुषाच्या नावात ‘बिन’, म्हणजे अमक्याचा मुलगा. स्त्रीच्या नावात ‘कोम’, म्हणजे अमक्याची बायको. नवरा मरून दहा वर्षे झाली असली तरी ‘कोम’ सुटत नसे. विधवेच्या खटल्यात त्यामुळे एक चमत्कारिक प्रकार घडे. जो मनुष्य या जगात नाही, ज्याचा या प्रकरणाशी कसलाही संबंध नाही, त्याचे नाव फिर्यादीपासून निकालापर्यंत प्रत्येक कागदावर हजर. आणि ज्याच्यामुळे ते प्रकरण उभे राहिले त्याचे नाव गैरहजर. स्मशानातल्याची साक्ष, शेजारच्याची सुटका!

पुढचा कागद डॉक्टरचा. हिंदुस्थानचे पीनल कोड १८६० साली मंजूर झाले आणि १ जानेवारी १८६२ पासून अंमलात आले. काशीबाईवर खटला झाला तेव्हा ते कोड अगदी कोवळे होते. त्यातील कलमे या विषयापुरती पाहिली तर ती पायऱ्यांसारखी आहेत. बाळंतपण लपविण्यासाठी मूल गुपचूप पुरले वा टाकले, तर ३१८ वे कलम, फार तर दोन वर्षे. मूल जिवंत टाकून दिले तर ३१७ वे, सात वर्षांपर्यंत. आणि जिवंत जन्मलेल्या मुलाचा जीव घेतला असे ठरले तर ३०२ वे. मग फाशी किंवा जन्मठेप, तिसरी वाट नाही. म्हणजे मूल श्वास घेऊन जन्मले की मेलेलेच जन्मले, या एका प्रश्नावर दोन वर्षे आणि फाशी यांतील अंतर टांगलेले असे. त्यासाठी अर्भकाची फुप्फुसे पाण्यात घालून ती तरंगतात की बुडतात हे पाहण्याची रीत होती. तरंगली तर मुलाने श्वास घेतला असे समजत. ही परीक्षा बेभरवशाची, हे डॉक्टरांसही कळत होते. कारण प्रेत कुजू लागले म्हणजे आत वायू होऊन फुप्फुसे तशीही तरंगतात, आणि आपल्या उन्हाळ्यात प्रेत कुजण्यास किती अवधी लागतो हे सांगावयास नको. काशीबाईच्या प्रकरणात हत्यार वापरलेले होते, म्हणून हा प्रश्न तिच्या आड आला नसावा. परंतु दुसऱ्या कितीएक बायकांचे आयुष्य पाण्यावर तरंगणाऱ्या त्या तुकड्याने ठरविले.

त्याच कोडात गर्भ पाडविणाऱ्यास ३१२ वे कलम होते, आणि गुन्ह्यास चिथावणी देणाऱ्यासाठी एक सबंध प्रकरण होते. कायद्याने शास्त्रीबुवांना मोकळे सोडले होते असे म्हणता येणार नाही. परंतु चिथावणीला साक्षीदार लागतो, आणि गर्भाला लागत नाही. फुल्यांच्या निवेदनात खटला चालतो तो एकट्या काशीबाईवर. इंग्लंडने पुढे १९२२ साली व पुन्हा १९३८ साली कायदा करून बाळंतिणीच्या हातून अशा मनःस्थितीत झालेल्या अर्भकहत्येस सदोष मनुष्यवधाच्या पायरीवर आणले. आपल्याकडे तसा कायदा झाला नाही.

निकाल लागला म्हणजे बाई शहराच्या कागदांतून निघून तुरुंगाच्या कागदांत जाई. मुंबई इलाख्यातील हद्दपारीच्या कैद्यांस समुद्रपार पाठविण्यापूर्वी ठाण्याच्या तुरुंगात जमा करीत. तेथे प्रत्येकाचा हुलिया लिहिला जाई: नाव, जात, वय, उंची, वर्ण, अंगावरील खुणा, कलम, शिक्षेची तारीख. स्त्रियांच्या हुलियात खुणांच्या रकान्यात वारंवार गोंदण येते. कपाळावरचा टिंब, हनुवटीवरचा ठिपका, हातावरची तुळस. माहेरी हौसेने गोंदविलेली ही चिन्हे सरकारास पळून गेलेला कैदी ओळखण्यास उपयोगी पडत. मला या रकान्याइतका जिवाला लागणारा कागद दुसरा कोणताच वाटला नाही. कारण एरवी सबंध कागदपत्रात बाईविषयी जे लिहिलेले असते ते तिच्या गुन्ह्याविषयी असते. या एका रकान्यात मात्र गुन्ह्यापूर्वीची बाई, कोणाच्या तरी मांडीवर हात धरून बसलेली, सुई टोचताना रडलेली, नकळत नोंदली जाते.

अंदमान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सेल्युलर जेल उभा राहतो. सावरकर बंधूंमुळे मराठी मनात तो कायमचा कोरला गेला आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या इमारतीचे काम १८९६ साली सुरू झाले आणि ती १९०६ साली पुरी झाली. काशीबाईला शिक्षा झाली तेव्हा अंदमानची वसाहत अवघी पाचएक वर्षांची होती. १० मार्च १८५८ रोजी डॉक्टर वॉकर दोनशे कैदी घेऊन पोर्ट ब्लेअरला उतरला. ते बहुतेक सत्तावन्नच्या बंडातील शिक्षा झालेले होते. जंगल तोडणे, दलदल भरणे, हिवतापाने मरणे, असा तेथील पहिल्या वर्षांचा क्रम होता. बायका त्यानंतर थोड्याच काळाने पाठविण्यात येऊ लागल्या. पुरुषांच्या मानाने त्यांची संख्या नेहमीच फार थोडी राहिली, आणि त्यांपैकी बहुतेकींवर खुनाचाच आरोप शाबीत झालेला असे; मेलेला कोण, तर नवरा किंवा मूल.

तेथील कागद आणखी निराळ्या प्रकारचे. कैद्याच्या गळ्यात लाकडी तिकीट लटकावलेले असे. त्यावर नंबर, कलम, शिक्षेची तारीख आणि सुटकेची तारीख. नाव बहुधा नंबराच्या मागे पडे. बायकांसाठी पुढे साउथ पॉइंट येथे वेगळा तुरुंग झाला. तेथे दळण, शिवण आणि विणकाम यांवर त्यांना लावीत. सबंध वसाहतीतील कैद्यांचे कपडे या बायकांच्या हातून तयार होत.

आणि याच वसाहतीच्या नियमांत एक असे कलम आहे की, ते वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो. सरकारला अंदमानात नुसते कैदी नको होते, वस्ती हवी होती. जमीन कसून घर करून राहणारे कुटुंब हवे होते. म्हणून नियम असा ठरला की, चांगल्या वर्तनाने काही वर्षे, पुढच्या काळात पाच वर्षे, काढलेल्या स्त्री-कैद्यास स्वतःच्या कमाईवर राहण्याची मुभा मिळालेल्या पुरुष-कैद्याशी लग्न करता यावे. पुरुषाने अर्ज करावा, बायकांच्या तुरुंगात जाऊन पाहावे, तिने होकार द्यावा, दोघांपैकी कोणाचे पहिले लग्न आड येते काय याची मूळ जिल्ह्याकडे चौकशी व्हावी, आणि मग सुपरिंटेंडेंटच्या परवानगीने लग्न लागावे. धर्म पाहिला जाई. जातीचे बंधन मात्र तेथे लवकरच सैल पडले. अशा लग्नांतून झालेली प्रजा अंदमानात आजही आहे, आणि ती आपणांस ‘लोकल बॉर्न’ म्हणवून घेते. त्यांच्या बोलण्यात अर्ध्या हिंदुस्थानचे शब्द मिसळलेले आहेत.

आता याचा अर्थ काय होतो पहा. विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा १८५६ साली झाला. पुण्यात राहणाऱ्या काशीबाईला त्या कायद्याने लग्नाची मोकळीक दिली होती. परंतु त्या मोकळिकीचा उपयोग तिच्यासारख्या स्वयंपाकीण विधवेने करावा, अशी सोय पुण्याच्या समाजात कोठे होती? ती सोय कोठे होती, तर हजारो मैलांवर, समुद्रापलीकडे, कैद्यांच्या बेटावर! पुण्यात विधवा म्हणून जे अशक्य होते ते अंदमानात खुनी म्हणून शक्य होते. नव्हे, त्यासाठी सरकार वाट पाहून बसले होते. मी काही अंदमानच्या तुरुंगाची थोरवी गात नाही. पुरुष-कैद्यांपुढे बायकांना रांगेत उभे करून निवड व्हावी, यात माणुसकी कितीशी होती हे उघड आहे, आणि कैदेतून सुटण्याची हीच एक वाट असताना दिलेल्या होकारास होकार म्हणावे काय, हाही प्रश्नच आहे. तथापि हा उफराटा न्याय माझ्या डोक्यातून जात नाही.

पोर्ट ब्लेअरच्या दप्तरातील कागद शोधणाऱ्यापुढे एक अडचण इतिहासाने घालून ठेवली आहे. १९४२ च्या मार्चपासून १९४५ पर्यंत ती बेटे जपान्यांच्या ताब्यात होती, आणि त्या काळात तेथील दप्तराचा मोठा भाग नाश पावला. आज माग काढावयाचा तो मुंबईच्या आणि दिल्लीच्या दप्तरखान्यांतून. मुंबई सरकारच्या ज्युडिशियल खात्याची बाडे आणि हिंदुस्थान सरकारच्या होम खात्याचा पोर्ट ब्लेअरसंबंधीचा पत्रव्यवहार यांतून. या कागदांतही सारखे वजन नाही. ८ फेब्रुवारी १८७२ रोजी शेरअली या कैद्याने पोर्ट ब्लेअर येथे व्हॉइसरॉय लॉर्ड मेयो यांस भोसकून मारले. त्या एका कैद्यावर, त्याच्या मुलखावर, त्याच्या स्वभावावर सरकारने कागदांचे ढीग रचले. व्हॉइसरॉय मारणाऱ्याचे चरित्र होते. स्वतःचे मूल मारणारीची नोंद होते, आणि तीही एका ओळीत बसते.

माग काढताना एक फसगत होते, तीही सांगून टाकतो, कारण मी स्वतः तिला बळी पडलो होतो. फुल्यांनी पुढे जो यशवंत दत्तक घेतला त्याच्या आईचे नावही काशीबाईच सांगितले जाते. तीही ब्राह्मण विधवाच, आणि तीही फसलेलीच. दोन्ही हकीकती एकत्र वाचल्या म्हणजे मनुष्य सहज म्हणून जातो की, काळ्या पाण्याची शिक्षा झालेली काशीबाई हीच यशवंताची आई. मीही एका ठिकाणी तसे बोलून गेलो. परंतु वर्षे ताडून पाहिली तर हे जुळत नाही. एकीस शिक्षा झाली ती १८६३ च्या सुमारास. यशवंताचा जन्म त्यानंतर सुमारे दहा वर्षांनी झाला. पहिलीच्या वेळी पुण्यात जावयास जागा नव्हती, म्हणून ती विहिरीकडे गेली. दुसरीस जावयास जागा होती, म्हणून तिचे मूल जगले, वाढले, आणि पुढे डॉक्टर होऊन प्लेगच्या साथीत रोग्यांची शुश्रूषा करता करता १८९७ साली वारलेल्या सावित्रीबाईंचा मुलगा म्हणून ओळखले गेले. नावे एक म्हणून बाई एक होत नाही. बायकांच्या बाबतीत ही काळजी दुप्पट घ्यावी लागते, कारण पुरुषाचे आडनाव, गाव, हुद्दा असे चार धागे हाती येतात. काशी, गंगा, यमुना एवढ्यावर माग काढावयाचा तर प्रत्येक गल्लीत एकेक सापडते.

दुसरी काशीबाई जेथे गेली ती जागा पहिलीच्या खटल्यातूनच निघाली. फुल्यांनीच लिहून ठेवले आहे की, या खटल्यानंतर लगेच, १८६३ साली, गोवंड्यांच्या सहकार्याने त्यांनी आपल्याच घराच्या आवारात अशा बायकांसाठी बाळंतपणाची गुप्त सोय केली. तेच बालहत्या प्रतिबंधक गृह. बाया येत, बाळंत होत, आणि मूल ठेवून वा घेऊन जात; सावित्रीबाई त्यांचे करीत. १८८४ पर्यंत तेथे पस्तीस गर्भवती विधवा आल्याचा आकडा फुले देतात. त्या पस्तीस मुलांपैकी जगली किती, तर पाच. तीस मेली. का मेली, याचे उत्तरही त्यांनी दिले आहे: पोटात असतानाच, गर्भ लपविण्यासाठी मातांनी घेतलेल्या विषारी औषधांनी ती आधीच पोखरली होती.

हा आकडा ऐकून एखादा म्हणेल, मग उपयोग काय झाला? माझा हिशेब निराळा आहे. त्या तीस मुलांच्या मृत्यूबद्दल एकाही आईस ठाण्याच्या तुरुंगात जावे लागले नाही. जी औषधे काशीबाईने घेतली तीच या बायकांनी घेतली. जे भय तिला तेच यांना. फरक एवढाच की, यांना प्रसूतीच्या वेळी कोणाच्या तरी घरी एक खोली मिळाली. पस्तीस हुलिये लिहावयाचे राहिले. दप्तरखान्यात जो कागद नाही, त्याचाही असा अर्थ लावता येतो.

ताराबाईंना काशीबाईची हकीकत कळली होती असे मी म्हणत नाही. फुल्यांचे निवेदन तर त्यांच्या पुस्तकानंतरचे आहे. परंतु बुलढाण्यास बसून, कोर्टाचा एकही कागद न पाहता, या बाईने नेमका तोच रकाना रिकामा असल्याचे ओळखले. स्त्रीस मोहात पाडणारा कोण, तिला टाकून जाणारा कोण, आणि तिला शिक्षा झाली म्हणजे नीतीचे प्रवचन झोडणाराही कोण, हा तिचा प्रश्न आहे. त्यापूर्वी तो पुष्कळ सुधारकांनी दयेच्या स्वरात विचारला होता. ताराबाई दया मागत नाहीत. त्या आरोपी बदलू पाहतात.

त्या पुस्तकाचेही नशीब पाहा. पाचशे प्रती निघाल्या, थोडा गलका झाला, आणि पुस्तक नाहीसे झाले. बाईंनी पुन्हा काही प्रसिद्ध केले नाही. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते शोधून पुन्हा छापले तेव्हा मराठी वाचकांस या नावाची ओळख नव्याने झाली. म्हणजे खटला झालेली बाई, तिच्या बाजूने लिहिणारी बाई, आणि ते लिहिलेले पुस्तक, ही तिन्ही एकाच दप्तराच्या तळाशी जाऊन बसली होती!

आमचे वऱ्हाड त्या काळी मुंबई इलाख्यात नव्हते. १८५३ पासून ते निजामाकडून इंग्रजांच्या हवाली झालेला मुलूख होता, आणि १९०३ साली मध्यप्रांतास जोडले गेले. त्यामुळे आमच्याकडील बायकांचे खटले मुंबईस सापडावयाचे नाहीत. त्यांचा शोध नागपूरकडे घ्यावा लागेल. तशा खटल्यांच्या नकला, निकालपत्रे, वकिलांनी बांधून ठेवलेली दप्तरे आमच्या भागातील जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर अद्याप पडलेली असतात. पाऊस लागला की ती रद्दीत जातात. ज्यांच्याकडे असतील त्यांनी ती एकदा उलगडून पाहावीत, आणि ‘कोम’ या शब्दापाशी जरा थांबावे, एवढी माझी विनंती आहे.

त्या मुलीस मी ही सारी हकीकत सांगितली. ती आता एक वही करीत आहे. मी तिला रकाने आखून दिले होते: बाईचे नाव, गाव, साल, कलम, शिक्षा. तिने माझ्या देखत आणखी एक रकाना आखला आणि त्यावर ‘पुरुष’ असे लिहिले. काशीबाईची ओळ भरताना त्या रकान्यापाशी येऊन तिने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, फुल्यांनी लिहिले आहे तसे लिही. तिने ‘शास्त्रीबुवा’ असे लिहिले, आणि त्याच्याआधी नावापुरती जागा मोकळी सोडली.